भाचीसाठी वेल्श नाव सुचवा, बारसं कोल्हापुरात आहे

आत्या_राजारामपुरी:
नमस्कार मंडळी, भाऊ कार्डिफला असतो, वहिनी तिकडचीच, वेल्श. मुलगी झालीय आणि बारसं इथं कोल्हापुरात करायचं ठरलंय, म्हणजे कानात कुर्र करून नाव सांगायचा मान माझा. वहिनीची इच्छा आहे नाव वेल्श असावं, मलाही ते मनापासून पटलंय, फक्त आमच्या आईला नातीला नीट हाक मारता आली पाहिजे. अर्थासकट सांगा प्लीज.

स्वान्सी_रिटर्न:
अभिनंदन ताई! सेरेन बघा, म्हणजे तारा, तिकडं लय मुलींचं असतं. आयरा म्हणजे बर्फ, कॅरिस प्रेमावरनं आलंय. आणि स्पेलिंग बघून वाचू नका, त्यांच्यात एक एफ असला की व आणि दोन असले की फ. एच-ए-एफ हे नाव लिस्टमध्ये दिसेल, अर्थ उन्हाळा, पण म्हणायचं हाव, ते आपल्याकडं नकोच.

जुन्या_कथा:
माझं मत ओल्वेन. १४व्या शतकातल्या वेल्श हस्तलिखितांत तिची गोष्ट आहे, ती चालेल तिथं प्रत्येक पावलामागं चार पांढरी क्लोव्हरची फुलं उगवायची, आपण गौरी आणताना पावलं काढतो ना तसंच वाटतं मला ते. ब्रॅनवेन पण ऐकायला सुंदर आहे पण देऊ नका. तिला आयर्लंडच्या राजाला दिली, सासरी स्वयंपाकघरात राबवली, मग तिनं एक पाखरू पाळून शिकवलं आणि त्याच्या पंखाला चिठ्ठी बांधून भावाला निरोप धाडला. भाऊ आला, पण लढाईत सगळं संपलं आणि ती दुःखानंच गेली. लेकीला असलं नाव कशाला.

मंगळवार_पेठ:
ओल्वेनचा अर्थ पांढरं पाऊल असा होतो ना? मग बारशाला कुणीतरी म्हातारी 'पांढऱ्या पायाची' म्हणणारच बघा. फुलांची गोष्ट किती जणांना सांगत बसणार?

आत्या_राजारामपुरी:
बरं झालं बोललात. गोष्ट फार आवडली होती हो, पण आमच्या पोरीला तसलं कुणी बोललेलं मला अजिबात खपणार नाही. सेरेनच सांगते वहिनीला. आईला म्हणायला लावलं, 'सेरेन गं' अशी हाक लगेच आली, अडखळली नाही. आता पाळण्यात सेरेन बसवायचंय, कुणी चार ओळी जुळवून देता का?