मदत हवी आहे: 'पम्पकिनहेड' (१९८८) दाखवून चर्चा कशी घ्यावी?

स्टॅन विन्स्टन दिग्दर्शित हा कमी बजेटचा भयपट फिल्म क्लबमध्ये लावायचा आहे. लांबी जेमतेम ८६ मिनिटं, त्यामुळे चर्चेला वेळ उरतो. अडचण ही, की यावर प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडतात. एकांना तो संथ वाटतो, पोरंपोरी नुसती मरायलाच आणलीत म्हणतात. दुसरे लान्स हेन्रिक्सनच्या एड हार्लीवर फिदा.

मला दुसऱ्यांचं पटतं. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला राक्षस उठवल्यावर त्याने केलेला प्रत्येक खून हार्लीला स्वतःच्या अंगात जाणवू लागतो. तो हॅगिस चेटकिणीकडे धावतो, आता थांबव म्हणतो. ती साफ नकार देते. सिनेमाचा जीव इथेच आहे. पण मुलाला मोटरसायकलची धडक देतो एकटा जोएल, मग बाकीच्या पोरापोरींना शिक्षा कशाची? हा पटकथेचा कच्चा दुवा की मुद्दाम दाखवलेला अन्याय? चर्चा इथून सुरू करावी, की शेवटापासून मागे यावं?

दुसरी शंका प्रोजेक्टरची. रात्रीचे प्रसंग निळ्या उजेडात, धुक्यात आहेत. 'डायनॅमिक' मोडवर काळा रंग करडा दिसतो. ब्राइटनेस उतरवला की टॉम वुड्रफ ज्युनियरने घातलेल्या राक्षसाच्या सूटचे बारकावेच गडप. (आणि सूटच दिसला नाही तर राहिलं काय!) 'सिनेमा' मोड आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, एवढं ठरलंय. दाराच्या फटीतून थोडा उजेड येतो, तर गॅमा (मधल्या छटा किती गडद दिसतात ते ठरवणारी सेटिंग) २.२ ठेवू की २.४? अंधारे सिनेमे लावायची सवय असलेल्यांनी कृपया सांगा.