मदत हवी आहे: केंद्रातून घरी आल्यावर पाठीशी कोण राहतं?

माझा धाकटा भाऊ तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलाय. आधी दोन्ही वेळा केंद्रातलं सगळं नीट पार पडलं, घसरला तो बाहेर आल्यावर. गोळ्या एका डॉक्टरांच्या, समुपदेशन दुसरीकडे, हाताला काम नाही, झोप नाही आणि या सगळ्याची मोट बांधणारं कुणीच नाही. आई पार थकलीये.

सघन केस मॅनेजमेंटबद्दल वाचलं, म्हणजे उपचार, समुपदेशन, काम या सगळ्याची सांगड एकच कार्यकर्ता घालतो. एका कार्यकर्त्याकडे फार तर 20 माणसं, तो घरी येऊन भेटतो, भेट चुकली तर स्वतः शोधत येतो. आम्हाला नेमकं हेच हवंय! कुणी अनुभव घेतलाय का? भावाने भेटायलाच नकार दिला तर कार्यकर्ता काय करतो? आणि तो पुन्हा प्यायला, तर साथ तिथेच सुटते का?