प्रति: ओळ-स्तंभाच्या जोड्यांवरून किमती काढणे
प्रश्न असा होता: एम या मॅट्रिक्समधून, म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्यातून, ओळ-स्तंभाच्या ठरावीक जोड्यांवरच्या किमती (तिथली मूल्यं) कशा काढायच्या? त्यावर वर लूप फिरवायचा, म्हणजे एकेक जोडी पाळीपाळीने वाचायचा, उपाय आलाय. चालेल, पण आर या प्रोग्रामिंग भाषेत त्याची गरज नाही. ओळी 1, 2, 3 आणि स्तंभ 4, 1, 2 स्वल्पविराम देऊन लिहिल्यावर तीनच किमती हव्यात, मिळतो मात्र 3×3 चा अख्खा तुकडा. कारण स्वल्पविरामाने दिलेल्या दोन याद्या जोडीने वाचल्या जात नाहीत. प्रत्येक ओळ प्रत्येक स्तंभाशी लावली जाते. सीबाइंड (cbind) या आरमधल्या फंक्शनने दोन्ही याद्या शेजारी-शेजारी जोडा आणि ती दोन स्तंभांची मॅट्रिक्स चौकोनी कंसात एकटीच द्या: एम[सीबाइंड(ओळी, स्तंभ)]. तीनच किमती येतील. असंच लिहून त्या जागी नव्या किमती भरताही येतात, मला तर तीच सोय जास्त उपयोगी वाटते. डेटा फ्रेमवर, म्हणजे ज्या तक्त्यात प्रत्येक स्तंभ वेगळ्या प्रकारचा असू शकतो त्यावर, मात्र जपून. त्यात एक जरी स्तंभ मजकुराचा असला, तर आकडेही मजकूर होऊनच बाहेर पडतात.