वॉरंट नाही म्हणून दार लावून घ्यायचं?

कोर्टकचेरी
कालपासून तिसऱ्या ग्रुपवर तेच ढकलपत्र: "वॉरंट नसेल तर पोलिसांना 'नाही' म्हणा, ते उंबरा ओलांडूच शकत नाहीत." डोकं फिरलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १६५) वाचा. तपास अधिकारी लेखी कारणं नोंदवून वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, प्रत ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे. तिथे तुमची संमती विचारतो कोण? ती लागते कागद नसताना "जरा बघून जातो" म्हणणाऱ्यांना.

उंबरकर
आणि येतात तेच जास्त! खडकसिंग खटल्यात १९६२ सालीच सुप्रीम कोर्टाने रात्री घरात शिरून बघून जाण्याचा यूपी पोलिसांचा नियम उडवला. आमच्याकडे भाडेकरूच्या चौकशीला आले. आई एकटी. "या, बसा" म्हणाली, चहा टाकायला आत गेली, तोवर यांनी भिंतीतलं कपाट उघडलेलं. ही संमती?

एडिसनचा_बंड्या
इकडे न्यू जर्सीत १९७५ पासून, संमतीने झडती घेतली असेल तर नकार देता येतो हे घरच्याला माहीत होतं, हे सरकारला दाखवावं लागतं.

कोर्टकचेरी
झालं अमेरिकापुराण सुरू! इथे सुप्रीम कोर्टाचा पूरनमल निकाल (१९७३) आहे. झडती बेकायदा असली तरी सापडलेला माल पुरावा म्हणून चालतो.

पीडित_पंच
घरवाल्यांचं सोडा, पंचांचं बोला. शेजाऱ्याकडची झडती, वडिलांना जेवणावरून उठवून सही घेतली. नंतर वर्षानुवर्षं तारखा. नकार दिला तर तोही गुन्हा!

कोर्टकचेरी
कोर्टाने समन्स काढल्याशिवाय पंचाला जावं लागत नाही.

पीडित_पंच
काढतातच हो! तुम्ही गेलायत कधी? दिवसभर बाकावर बसायचं, चारला कळतं की आरोपीचे वकील आलेच नाहीत.

उंबरकर
कायद्यात "त्याच भागातले स्वतंत्र, प्रतिष्ठित" पंच. प्रत्यक्षात चौकीसमोरचा पानटपरीवाला, दर पंचनाम्यावर त्याचीच सही.

पीडित_पंच
त्यालाच न्या, माझी ना नाही.

एडिसनचा_बंड्या
पण आता झडतीचं चित्रीकरण सक्तीचं आहे ना?

कोर्टकचेरी
कलम १०५. अमेरिकेत बसून एवढं ठाऊक आहे, धन्य! उंबरकर, तुमच्या आईंच्या 'या, बसा'ला मीही संमती म्हणणार नाही. पण ते ढकलपत्र वाचून उद्या कुणी खऱ्या झडतीत दार अडवलं, तर जामिनाला तुम्ही उभे राहणार का?

उंबरकर
राहीन. पंच म्हणून मात्र बोलावू नका.