मदत हवी आहे : मुलीला नेपाळ मिळालाय, परवा भाषण (तातडीचे)

बाबा_नववी_ब : नमस्कार मंडळी. मुलीला नेपाळ मिळालाय. परवा सकाळी नव्वद सेकंदांचं भाषण, आणि उद्या रात्रीच्या आत एक पानाचा पेपर पाठवायचाय. एका बाजूला भारत, एका बाजूला चीन, मध्ये आपण, अशी काहीतरी मांडणी हवी. नेटवर बघायला गेलो तर करारच करार. मुख्य मुद्दे चार-पाच ओळींत कोणी देईल का? कृपया लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

ताकभात : मिळालाय म्हणजे? लॉटरीत?

बाबा_नववी_ब : मॉडेल यूएन हो. एकेका मुलाला एकेक देश देतात, त्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं. मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं.

उंटावरचा शहाणा : सोपं आहे. सुरुवात पृथ्वीनारायण शाहांपासून. नेपाळ म्हणजे दोन दगडांमधला कंद, असं त्यांनी अठराव्या शतकातच सांगून ठेवलंय. मग १९८९. व्यापार आणि पारगमनाचे करार संपले, त्यात चीनकडून शस्त्रं घेतल्याचा राग होताच, भारताने दोन नाकी सोडून बाकी सगळी बंद केली. मग २०१५ ची नाकेबंदी. भूकंपाला सहा महिने झाले नव्हते आणि लोक गॅस सिलिंडरच्या रांगेत. त्यातून २०१६ चा चीनबरोबरचा वाहतूक करार. शेवट लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा हा भारताशी वादातला भाग आणि तो आपला दाखवणारा नेपाळचा २०२० चा नकाशा. टाळ्या घेईल पोरगी.

रानवारा : २०१५ ची नाकेबंदी आपण केली हे भारताने कधीच मान्य केलेलं नाही. मधेशी (नेपाळच्या तराईतले) आंदोलक नाक्यावर बसले होते.

उंटावरचा शहाणा : मुलगी नेपाळची प्रतिनिधी आहे, परराष्ट्र खात्याची प्रवक्ती नाही.

रानवारा : ठीक, पण चीनचा करार म्हणजे सुटका, असं तरी लिहू नका. नेपाळच्या सीमेवरच्या वीरगंजहून कोलकाता बंदर साधारण सातशे किलोमीटर. चीनचं तियानजिन बंदर तीन हजारांच्या पलीकडे, मध्ये हिमालय. दरड कोसळली की रस्ता बंद. कागदावर बंदरं चार मिळाली, माल अजून कोलकात्यावरूनच येतो.

निशिगंधा : @बाबा, कमिटी कुठली? आणि फ्रीझ डेट? हे कळल्याशिवाय वरचं सगळं हवेत.

पेन्शनर : पशुपतिनाथाला जाऊन आलो आहे, म्हणून सांगतो. रक्सौलला उतरलो, चालत पूल ओलांडला, वीरगंज. कोणी कागद विचारला नाही. आपल्याला पासपोर्टही लागत नाही आणि व्हिसाही. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशेसाठ, हिशोब तोंडपाठ ठेवा. स्वतःची गाडी नेणार असाल तर मात्र नाक्यावर भन्सार, म्हणजे जकात, भरावा लागतो, दिवसाच्या हिशोबाने. पावती जपून ठेवावी.

ताकभात : काका, दुचाकीलाही भरावा लागतो का?

पेन्शनर : हो, पण कमी.

बाबा_नववी_ब : गाडी न्यायची नाहीये!! कमिटी सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची संघटना. विषय 'वीज आणि दळणवळण'. फ्रीझ डेट काय भानगड आहे ते लेक क्लासहून आली की विचारतो.

निशिगंधा : सार्क असेल तर लिपुलेख आधी काढून टाका. सार्कच्या सनदेतलं दहावं कलम : निर्णय एकमताने, आणि द्विपक्षीय वा वादग्रस्त प्रश्न चर्चेला घ्यायचे नाहीत. चेअर, म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, पहिल्याच वाक्याला थांबवेल. शेजाऱ्याचं नावच घ्यायचं नाही, 'भूवेष्टित देश' (समुद्रकिनारा नसलेला) म्हणायचं. आठ सदस्यांत असे तीन आहेत, नेपाळ, भूतान आणि अफगाणिस्तान. त्या दोन मुलांशी तिने सकाळी चहाच्या वेळेलाच बोलून घ्यावं. मी दोन वर्षं चेअर होते, भाषणापेक्षा यावर मार्क जास्त पडतात.

उंटावरचा शहाणा : सार्क मेलंय हो. २०१४ नंतर शिखर परिषदच झालेली नाही. बिमस्टेकवर, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटावर बोला.

रानवारा : ज्या संस्थेचं सचिवालय काठमांडूत आहे ती मेली असं नेपाळच म्हणेल? बिमस्टेकचं ढाक्यात आहे. एकाच मोठ्या शेजाऱ्याशी एकटं बोलायला लागू नये म्हणूनच तर छोट्यांना असं टेबल हवं असतं. असो. @बाबा, वीज असेल तर सोन्यासारखं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये नेपाळ, भारत, बांगलादेश असा करार झाला, ४० मेगावॅट. नेपाळची वीज भारताच्या तारांतून बांगलादेशात. करार दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढाच, आणि पहिली वीज सोडली १५ नोव्हेंबरला, म्हणजे त्या वर्षी एकच दिवस!

बाबा_नववी_ब : वा, हे मस्त. ४० मेगावॅट टाकतो. थांबा, लेक आली.

बाबा_नववी_ब : फ्रीझ डेट २५ नोव्हेंबर २०१४. म्हणजे नक्की काय?

निशिगंधा : म्हणजे त्या दिवसानंतरचं काहीही घडलेलं नाही. भूकंप नाही, नाकेबंदी नाही, नकाशा नाही.

ताकभात : ४० मेगावॅटही गेले. 😄

उंटावरचा शहाणा : हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं? १९८९ तेवढं उरलं, आणि ते सार्कमध्ये बोलता येत नाही.

निशिगंधा : उलट छान तारीख आहे. दुसऱ्या दिवशी काठमांडूत अठरावी शिखर परिषद सुरू होते, म्हणजे तुमची मुलगी यजमान. टेबलावर तीन करार : वीज, मोटार वाहतूक, रेल्वे. महिनाभर आधी, २१ ऑक्टोबरला, नेपाळ-भारत वीज व्यापार करार झालाय, तो वापरता येतो. सुरुवात अंधारापासून करा. इतक्या नद्या असलेल्या देशाच्या राजधानीत तेव्हा हिवाळ्यात तासन् तास वीज नसायची. ८३ हजार मेगावॅट हा आकडा सगळे फेकतात, तिने फेकू नये. तो निव्वळ सैद्धांतिक, उभारता येण्यासारखी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कोणीतरी हमखास विचारतं.

दळणवळणासाठी काकडभिट्टा, म्हणजे नेपाळचं पूर्वेकडचं सीमानाकं, घ्या. तिथून बांगलाबंध, म्हणजे बांगलादेशची हद्द, अगदी जवळ, पण मध्ये दुसऱ्या देशाची चिंचोळी पट्टी. ट्रकला परवानगी मिळाली तर बंदर, नाहीतर नुसता नकाशा. कोणाचंही नाव न घेता सगळं बोलून होतं.

रानवारा : प्रत्यक्षात तिथे फक्त विजेचा करार झाला, तोही काठमांडूजवळच्या धुलीखेलला सगळे नेते एकत्र गेल्यावर शेवटच्या क्षणी. मोटार वाहतुकीचा पाकिस्तानमुळे अडला. हे तिला माहीत असू दे, बोलू देऊ नका.

बाबा_नववी_ब : निशिगंधा ताई, खूप आभार. ती विचारतेय, चीन सार्कमध्ये निरीक्षक आहे ना, मग त्याचं नाव घेतलं तर चालेल का?

निशिगंधा : निरीक्षक म्हणून स्वागत एका वाक्यात, बस. त्यापुढे गेली की भारत झालेला मुलगा हात वर करेल.

बाबा_नववी_ब : भारत तिची बेस्ट फ्रेंड आहे. कालपासून दोघी बोलत नाहीयेत.

पेन्शनर : २०१४ मध्ये भन्सार किती होता ते पावतीवर असेल, शोधून सांगतो.