माकडतापावर औषध का नाही? विषाणू पेशीत शिरून करतो तरी काय?

काजूबाग_दोडामार्ग:

नमस्कार मंडळी. आमची दोडामार्ग तालुक्यात काजूची बाग आहे. गेल्या आठवड्यात वडिलांना अचानक ताप भरला. डोकं आणि कंबर इतकी दुखायला लागली की त्यांना कूस बदलता येईना. रक्त तपासलं, माकडताप निघाला, म्हणजे गोचिडीतून येणारा विषाणूचा ताप. कालच घरी आणलंय. पेज घेतात, बोलतात, पण उठून बसलं की थकतात.

दवाखान्यात सलाईन, पॅरासिटामॉल आणि रोज प्लेटलेटची तपासणी, एवढंच चाललं होतं. काका रोज येऊन म्हणतात, "साधं अँटिबायोटिक दिलं नाही, ही कसली ट्रीटमेंट?" मी कॉमर्सची. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही एवढं ऐकून आहे, पण का चालत नाही ते सांगता येत नाही. एचआयव्हीवर गोळ्या आहेत, सी कावीळ (हेपॅटायटिस सी) पूर्ण बरी होते म्हणतात. मग हा माकडताप १९५७ पासून माहीत असून त्यावर काहीच कसं नाही? विषाणू आत शिरल्यावर नेमकं करतो काय, आणि मध्येच कुठे अडवता येत नाही का? काकांना समजावता येईल असं कोणीतरी लिहा.

वॉर्डातली_सिस्टर:

ताई, शास्त्र इथले जाणकार सांगतील. मी एवढंच सांगते की "फक्त सलाईन" हे काही थोडं नसतं. या तापात प्लेटलेट उतरतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येऊ शकतं, रक्तदाब पडतो. त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणं हाच उपचार. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मात्र कोणाच्या सांगण्यावरून देऊ नका, रक्तस्राव वाढतो. शंभरातले तीन ते पाच रुग्ण या तापाने दगावतात. तुमचे बाबा घरी आले, यात त्या देखभालीचा वाटा मोठा आहे.

निवृत्त_प्राध्यापक_सावंतवाडी:

तुमच्या काकांचा प्रश्न चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना हाच भाग मला सगळ्यांत जास्त आवडायचा.

अँटिबायोटिक जिवाणूच्या अशा भागावर घाव घालतं जो आपल्या पेशीत नसतो. पेनिसिलिन जिवाणूला पेशीभित्तिका बांधू देत नाही. आपल्या पेशींना ती भित्तिकाच नाही, म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमचं, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं, काम थांबवतं, आणि तो रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळा असतो. विषाणूकडे भित्तिका नाही आणि स्वतःचा रायबोसोमही नाही. मग या औषधांनी धरायचं कशाला?

आता माकडतापाचा विषाणू बघा. साधारण ५० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. आत सुमारे ११,००० अक्षरांचा आरएनएचा एक धागा (विषाणूची सगळी माहिती यातच लिहिलेली), त्याभोवती प्रथिन, आणि बाहेर आधीच्या पेशीकडून उचललेलं स्निग्ध पटल. त्या पटलावर 'ई' नावाचं प्रथिन असतं. गोचीड चावली की तिच्या लाळेतून तो आत येतो आणि 'ई' प्रथिन आपल्या पेशीला चिकटतं. बाहेरच्या वस्तू छोट्या पिशवीत घेऊन गिळायच्या ही पेशीची रोजची सवय, त्याच वाटेने विषाणूही आत जातो. पिशवी आत गेली की पेशी तिच्यात आम्ल वाढवते. खरं तर गिळलेलं मोडण्याच्या तयारीचा तो भाग. पण त्याच आम्लाने 'ई' प्रथिनाची घडी बदलते, विषाणूचं पटल पिशवीच्या पटलात मिसळतं आणि आरएनए बाहेर पडून पेशीच्या आत मोकळा होतो. इतकी वर्षं शिकवूनही मला या पायरीचं नवल वाटतं.

तो आरएनए आपल्या पेशीच्या स्वतःच्या निरोप्या आरएनएसारखाच (कोणतं प्रथिन बनवायचं तो निरोप नेणारा) वाचता येतो, त्यामुळे रायबोसोम लगेच कामाला लागतो. काजूच्या कारखान्यात बी फोडणारं यंत्र बी कोणाच्या बागेतली ते बघत नाही, समोर आली की फोडतं, रायबोसोमचं तसंच. प्रथिनाची एकच लांबलचक साखळी तयार होते आणि तिचे तुकडे पाडून दहा प्रथिनं होतात. तीन विषाणूचं अंग बनवायला, सात कामाला. तुकडे पाडायचं काम काही आपली विकरं (एन्झाइम) करतात, काही विषाणूचा स्वतःचा प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारं विकर, करतो. सातांतलं 'एनएस५' हे आरएनएवरून आरएनएची नक्कल काढतं. हे काम करणारं असं यंत्र आपल्या पेशीत नसतं, म्हणून विषाणूला ते स्वतःचंच बनवून घ्यावं लागतं. नक्कल काढणं चालतं पेशीतल्या पटलांच्या खोबणीत, पहारेकरी प्रथिनांच्या नजरेआड. तयार झालेले नवे कण मग पेशीच्या नेहमीच्या वाहतुकीने बाहेर पडतात. वाटेत फ्युरिन नावाचं आपलंच एक विकर त्यांच्या एका प्रथिनाला शेवटचा काप देतं, तेव्हा कुठे ते कण पुढची पेशी पकडायला लायक होतात.

म्हणजे सगळ्या खटाटोपात विषाणूचं स्वतःचं असं थोडंच: ते 'ई' प्रथिन, प्रोटिएज, नक्कल काढणारा पॉलिमरेज आणि आणखी एखाददुसरं. बाकी सगळं आपलं. आपलं बंद पाडाल तर रोगीच आजारी पडेल. म्हणून आजवर जी चांगली औषधं निघाली ती बहुतेक त्या थोड्याच जागांवर बसतात. सी कावीळीचा विषाणू माकडतापाच्याच मोठ्या कुळातला. २०१३ साली आलेलं सोफोसबुव्हिर त्याच्या पॉलिमरेजला खोटं अक्षर पुरवतं, ते साखळीत गेलं की पुढची जोडणी खुंटते. त्याला जोडीचं औषध देऊन १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. एचआयव्हीच्या प्रोटिएजवरचं पहिलं औषध १९९५ साली आलं. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरची गंमत तर अशी, की ते कामाला लागण्यासाठी विषाणूचंच एक विकर लागतं, म्हणून निरोगी पेशींना त्याचा त्रास फार कमी. ज्यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. विषाणूचा पॉलिमरेज चुका फार करतो, त्यातून एकट्या औषधाला दाद न देणारे कण निपजतात. एचआयव्हीवर तीन औषधं एकत्र देतात ती यासाठी.

आपल्या पेशीच्या बाजूने अडवायचा प्रयत्नही झाला. हिवतापावरचं क्लोरोक्विन पिशवीतलं आम्ल कमी करतं. काचेच्या तबकडीत त्याने विषाणू थांबले. करोनात त्याच्याच जातीच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या मोठ्या चाचण्या २०२० मध्ये झाल्या, रुग्णांना फायदा दिसला नाही. तबकडीतली पेशी आणि तापाने फणफणलेला माणूस यांत फार अंतर आहे.

आता माकडताप. एनआयटीडी००८ नावाचं एक रसायन पॉलिमरेज अडवतं आणि प्रयोगशाळेत त्याने माकडतापाचा विषाणू रोखलेला आहे. पण हे रसायन मुळात डेंग्यूसाठी बनवलेलं, आणि त्याच कामात उंदीर आणि कुत्र्यांना दोन आठवडे दिल्यावर ते अपायकारक ठरलं. तिथेच ते अडलं. दुसरी अडचण वेळेची. सी कावीळ वर्षानुवर्षं शरीरात राहते, औषधाला तीन महिने मिळतात. माकडतापात चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप येतो, आणि माणूस दवाखान्यात पोचतो तोवर विषाणू रक्तात भरपूर वाढलेला असतो. पुढच्या आठवड्याभरात शरीर स्वतःच त्याला आवरायला लागतं. औषधाच्या हातात येणारे दिवस फार थोडे. आणि वर्षाला साधारण ४०० ते ५०० रुग्ण, तेही डोंगराकडेच्या गावांतले. अशा आजारावर पैसा घालायला औषध कंपन्या सहजी तयार होत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कुठे घाव घालायचा ते माहीत आहे आणि घालणारे हात कमी आहेत.

बोंडू_बांदा:

बाय माजे, सरांनी बरा समजावन सांगितला. पण आता काजूचो हंगाम असा, म्हणान माजा पण आयक. गोचिडीची बारकी पिल्ला डिसेंबरापासून मे पर्यंत सुक्या पाचोळ्यात असतत, डोळ्याक दिसनत नाय. बागेत जाताना पुऱ्या बाह्यांचो सदरो घाल, पँट मोज्यात खोव, दवाखान्यातसून मिळणारा तेल हातापायाक लाव. पाचोळ्यार बसा नको. घराक इल्यावर कपडे गरम पाण्यात टाक, आंघोळ कर, काखेत नि कानामागे बघ. मेलेला माकड दिसला तर हात लावा नको, दवाखान्यात कळव. ते येवन भोवताली पावडर मारतत.

काजूबाग_दोडामार्ग:

सर, खूप आभार. काकांना वाचून दाखवलं, निम्म्यावर आल्यावर ते गप्प बसून ऐकायला लागले. एक विचारते. औषध नव्हतं तर बाबांच्या शरीराने विषाणू थांबवला कसा? आणि घरातल्या बाकीच्यांना त्यांच्यापासून लागेल का? आई त्यांचं सगळं करते.

निवृत्त_प्राध्यापक_सावंतवाडी:

आईंना सांगा, निर्धास्त राहा. माणसाकडून माणसाला हा ताप लागल्याचं आढळलेलं नाही. काळजी गोचिडीची.

बाबांच्या शरीरात दोन गोष्टी झाल्या. विषाणूने खोबणीत कितीही लपवलं तरी नक्कल काढताना तयार होणारा दुपदरी आरएनए काही वेळाने पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेस पडतोच. तो दिसला की पेशी इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडते. शेजारच्या पेशींना त्यामुळे आधीच सूचना मिळते आणि त्या प्रथिनं बनवायचा वेग कमी करतात, आलेला आरएनए कापायची तयारी ठेवतात. म्हणजे त्या पेशी काही काळ स्वतःचंच काम मंद करतात, आणि अंगदुखी, ग्लानी यांतला बराच भाग इंटरफेरॉनसारख्या इशाऱ्यांमुळेच येतो. इंटरफेरॉन शोधलं गेलं तेही १९५७ सालीच, लंडनमध्ये. नंतर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, ती 'ई' प्रथिनाला चिकटून बसतात आणि विषाणूला नवी पेशी धरूच देत नाहीत. लशीचा हेतू हीच प्रतिपिंडं आधी तयार ठेवण्याचा. फॉर्मलिनने मारलेल्या विषाणूची लस कर्नाटकात बरीच वर्षं दिली गेली, पण तिचं संरक्षण लवकर ओसरायचं, पुन्हा पुन्हा टोचावी लागायची.

आता मुद्द्याचं, आणि हे विसरू नका. दहा ते वीस टक्के रुग्णांना बरं वाटल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताप उलटतो. तेव्हा डोकं असह्य दुखतं, हात थरथरतात, नजर अंधुक होते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो. बाबांना ताप आलेला पहिला दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि तिथून पुढचे चार आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. यातलं काहीही दिसलं तर सकाळ उजाडायची वाट न बघता, त्याच दवाखान्यात, जुने कागद घेऊन जा.