लंडनचे ‘मॅजिक सर्कल’ : स्थापना आणि स्त्रियांचा प्रवेश

प्रश्न : लंडनमधील ‘मॅजिक सर्कल’ हे जादूगारांचे मंडळ कसे स्थापन झाले आणि तेथे स्त्रियांना प्रवेश कधी मिळाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : १९०५ साली सोहो भागातील पिनोलीज या उपाहारगृहात २३ हौशी व व्यावसायिक जादूगार एकत्र आले आणि मंडळाची स्थापना झाली. नुकत्याच अकाली निवर्तलेल्या मार्टिन चॅपेंडर या तरुण जादूगाराचे नाव मंडळाला द्यावे, असे आधी सुचवले गेले होते. अखेर ठरलेल्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे त्याच्या नावाशी जुळतात, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. डेव्हिड डेव्हंट पहिले अध्यक्ष झाले.

उत्तर २ : स्त्रियांना प्रवेश १९९१ मध्ये, म्हणजे तब्बल ८६ वर्षांनी मिळाला. त्याआधी सोफी लॉइड यांनी ‘रेमंड’ नावाच्या तरुणाचे सोंग घेऊन, हातमोजे घालून परीक्षा दिली आणि सदस्यत्व मिळवले. मात्र सत्य उघड होताच मंडळाने त्यांना काढून टाकले. कौशल्य हीच कसोटी असेल, तर ती त्यांनी पार केली होती, म्हणून हा निर्णय मला सरळ अन्यायाचा वाटतो.

उत्तर ३ : २०२५ मध्ये मंडळाने त्यांना सदस्यत्व पुन्हा बहाल केले.